एसेन्शियल ऑइल (झाडा-फुलांपासून काढलेलं कडक वासाचं तेल) नवीनच आणलंय, घरात लहान मूल आहे, कसं वापरू?

सिडकोची_सून
नमस्कार मंडळी. वाढदिवसाला नणंदेने डिफ्युझर दिला, म्हणजे तेलाचा वास खोलीत पसरवणारं यंत्र, मग मागच्या रविवारी गंगापूर रोडला एका प्रदर्शनात तेलं दिसली आणि मी सहा बाटल्या उचलल्या, लव्हेंडर, गुलाब, चंदन, लिंबू, पेपरमिंट, निलगिरी, कुठलीही घ्या ९९ ला. अंबडहून कामाची शिफ्ट करून आलं की डोकं ठणकतं आणि रात्री झोप नाही, म्हणून हा सगळा उद्योग. काल लव्हेंडर तसंच मानेला चोळलं तर लाल पट्टा उठला, आज पण खाजतंय. सासूबाईंना दमा आहे, मुलगा पावणेदोन वर्षांचा, शिवाय एक मांजर घरात येऊन जाऊन असते. स्टॉलवाली तर म्हणाली नॅचरल आहे, काही होत नाही ताई. फेकून देऊ का काही पद्धत असते याची?

मेडिकलवाला_नाशिकरोड
ताई, नॅचरल तर बिब्बा पण असतो 😄

आधी मान. ते तेल परत लावू नका, आणि फोड आले किंवा पट्टा पसरला तर स्किनच्या डॉक्टरांना दाखवा. पुढे कधी असं झालं तर आधी साधं तेल लावून पुसून घ्यायचं आणि मग साबण, कारण नुसत्या पाण्याने तेल निघत नाही.

आता बाटल्या. गुलाब आणि लिंबू एकाच भावात कसं परवडेल कोणाला? एक किलो गुलाबतेल काढायला साधारण तीन-चार हजार किलो पाकळ्या लागतात, लिंबाचं तर नुसत्या सालींतून निघतं. चंदन ९९ ला म्हणजे तो सेंट आहे, सरळ सांगतो. लेबलवर झाडाचं शास्त्रीय नाव, बॅच नंबर, एक्सपायरी आहे का बघा, नसेल तर अंगाला लावूच नका.

चांगली बाटली आणली तरी तसंच चोळायचं नसतं. ३० मिली साध्या तेलात ६ थेंब, म्हणजे अंदाजे १ टक्का, सुरुवातीला एवढंच पुरे. साधं तेल म्हणजे तिळाचं किंवा बदामाचं, खोबरेल पण चालतं पण डिसेंबरात आपल्याकडे ते बाटलीतच गोठून बसतं मग थेंब कसले मिसळताय. आधी कोपराच्या आतल्या बाजूला थोडं लावून दोन दिवस थांबा. आणि एका वेळी एकच तेल हं, सहाही एकदम केले तर खाज कशाने आली ते कळणार कसं.

गोदाकाठचा_गडी
एवढं घाबरवू नका हो त्यांना. आमची आजी सर्दी झाली की रुमालावर निलगिरीचे दोन थेंब टाकून द्यायची, आम्ही सगळे धडधाकट आहोत. मी तर रोज सकाळी कोमट पाण्यात लिंबाचं तेल एक थेंब टाकून पितो, पोट साफ.

मेडिकलवाला_नाशिकरोड
भाऊ रुमालाचं ठीक आहे, मोठ्या माणसाला, पण पिणं बंद करा. तेल पाण्यात विरघळत नाही, तरंगतं, आणि तसंच घशाला जाऊन चिकटतं. लिंबूच पिळा की सरळ, स्वस्त पण पडेल.

आणि ताई, पेपरमिंट, निलगिरी, कापूर या तिन्हीपासून बाळाला लांब ठेवा. नाकाजवळ, छातीला, वाफेच्या भांड्यात, कुठेच नको, एवढ्या लहान मुलांचा श्वास अडकू शकतो. निलगिरीचं तेल चमचाभर पोटात गेलं तरी मूल बेशुद्ध पडू शकतं, कापराने झटके येतात. बाटल्या कुलपात. कधी प्यायलंच तर उलटी काढायच्या भानगडीत पडू नका, बाटली हातात घेऊन थेट हॉस्पिटल.

इंदिरानगर_मनीची_आई
मांजर आहे म्हणून लिहिते. मांजरीच्या लिव्हरला ही तेलं पचत नाहीत, टी ट्री नावाचं असंच एक तेल मिळतं, ते तर अजिबात आणू नका घरात. डिफ्युझर लावला तर ३-४ थेंब, अर्धा तास, खिडकी उघडी आणि मनीला बाहेर जायला दार उघडं. पण तुमच्याकडे दम्याचं माणूस आहे ना, मी असते तर लावलाच नसता, वासाने पण दमा उसळतो.

जाता जाता, लिंबाचं तेल हातामानेला लावून उन्हात गाडीवर जाऊ नका, कातडी भाजल्यासारखी होऊन काळे डाग पडतात.

सिडकोची_सून
बापरे. लेबल पाहिलं, नुसतं 'लव्हेंडर' आणि एक फुलाचं चित्र, बाकी काही नाही 🙈 डिफ्युझर खोक्यात परत घातला, नणंदेला काय सांगायचं ते बघू. आता नीट लेबलवालं एकच लव्हेंडर आणते आणि झोपायच्या आधी थेंबभर कापसावर टाकून वास घेते, बाळ आत झोपल्यावर. सासूबाई म्हणतायत पैसे गेलेत तर राहिलेलं फरशी पुसायच्या बादलीत टाक, घर तरी छान वासेल.

इंदिरानगर_मनीची_आई
नको नको! मांजर फरशीवर चालणार आणि तेच पंजे चाटणार. आणि तुमचं पोरगं पण रांगतं-लोळतं तिथेच.