मदत हवी आहे: कॅनडाचे प्राकृतिक विभाग आणि मूळ रहिवासी एकाच नकाशावर कसे दाखवावेत?

मृण्मयी_के: नववीच्या प्रकल्पासाठी भिंतीवर लावायचा नकाशा हवा आहे. प्रत्येक विभागात एकेक समाज लिहायला घेतला, पण क्री लोक तीन विभागांत येतात आणि इनुइट पार लॅब्राडोरपर्यंत. सीमा जुळतच नाहीत.

हेमाद्री: जुळणारही नाहीत, कारण माणसे खडकांच्या सीमा पाळत नाहीत. दोन थर करा. खाली भूरचना: कॅनेडियन शील्ड (अतिप्राचीन कठीण खडकांचा प्रदेश, देशाचा जवळजवळ निम्मा भाग), हडसन उपसागराकाठची दलदल, मधली मैदाने, सेंट लॉरेन्सचे खोरे, पूर्वेला ॲपलेशियन, पश्चिमेला पर्वतरांगा, उत्तरेला आर्क्टिक बेटे. वर ट्रेसिंग पेपरवर लोक. त्यांना सीमारेषा नको, एकमेकांवर चढणारे फिके रंग द्या.

वृक्षरेषा (जिच्या उत्तरेला झाडे वाढत नाहीत ती रेषा) मात्र नक्की काढा, इनुइट प्रदेश बराचसा तिच्या उत्तरेला आहे. बहुतेक जण ती आर्क्टिक वृत्तावरून आडवी ओढतात आणि तिथेच चुकतात. मॅकेन्झी नदीच्या मुखापासून आग्नेयेला तिरकी हडसन उपसागराकाठच्या चर्चिल गावापर्यंत आणा, मग उपसागरापलीकडे उत्तर क्वेबेकमधून लॅब्राडोरच्या किनाऱ्याकडे न्या. हडसन उपसागरात उन्हाळा सुरू झाला तरी बर्फ टिकतो. त्या गारठ्यात काठावर झाडे वाढत नाहीत, म्हणून रेषा इतकी दक्षिणेला उतरते.

पाणलोट (आणखी एक सदस्य): चित्रे लावताना जपा. टोटेम खांब (झाडाच्या खोडात कोरलेले उंच खांब) फक्त पॅसिफिक किनाऱ्यावर, हैडा आणि शेजारच्या समाजांकडे. पर्वतांनी अडवलेल्या पावसामुळे तिथे लाल सीडरचे प्रचंड वृक्ष वाढतात. कातडी टिपी (शंकूच्या आकाराचा तंबू) मैदानांत, ब्लॅकफुटांकडे, कारण बायसनच्या (रानगव्यासारख्या प्राण्याच्या) कळपामागे मुक्काम हलवावा लागे. शील्डवर मातीचा थर पातळ, तळी असंख्य. तिथे अनिशिनाबेंची भूर्जसालीची नाव दाखवा. ती हलकी असते, एका तळ्यातून दुसऱ्यात खांद्यावर नेता येते. लांबघर (अनेक कुटुंबांचे एकत्र लांबट घर) आणि मका-घेवडा-भोपळ्याची शेती दक्षिण ओंटारियोत, वेंडॅट लोकांपाशी. इग्लू हा हिवाळी निवारा. उन्हाळ्यात इनुइट कातड्याच्या तंबूत राहत, म्हणून दोन्ही काढा.

मृण्मयी_के: मेटी कोणत्या विभागात?

हेमाद्री: त्यांना विभाग देऊ नका. 1982 च्या राज्यघटनेतील कलम 35 मध्ये त्यांचा वेगळा उल्लेख आहे. फरच्या व्यापारातून, युरोपीय पुरुष आणि स्थानिक स्त्रियांच्या कुटुंबांतून हा समाज घडला. आजच्या विनिपेगजवळ, रेड नदीकाठी ठळक ठिपका द्या आणि तिथून पश्चिमेकडे बाण काढा.