एमडीए वाढलेलं दिसलं तर एनएसी जोडावं का?

प्रश्न:
नैराश्यात रक्तातलं मॅलोनडायअल्डिहाइड (एमडीए, मेदाच्या ऑक्सिडेशनमधून तयार होणारा पदार्थ) वाढतं, असं बऱ्याच अभ्यासांत दिसतं. मग एसएसआरआय (सेरोटोनिन टिकवणारी नैराश्यावरची औषधं) चालू असलेल्या रुग्णात एमडीए तपासून, ते जास्त निघालं तर एन-अ‍ॅसिटिलसिस्टीन (एनएसी, ऑक्सिडेशन रोखणारं औषध) जोडावं का? डोस किती, किती दिवस?

उत्तर १:
त्या आकड्यावरून औषध ठरवू नका. नेहमीच्या चाचणीत नमुना थायोबार्बिट्युरिक आम्लासोबत तापवतात आणि येणारा गुलाबी रंग ५३२ नॅनोमीटरला मोजतात. तो रंग एकट्या एमडीएचा नसतो, साखर आणि बिलिरुबिनही त्यात भर घालतात. रक्त काढताना तांबड्या पेशी फुटल्या की आकडा आणखी बिघडतो. नमुना तासन्‌तास बाहेर राहिला तर नळीतच मेदाचं ऑक्सिडेशन चालू राहतं. शिवाय सिगारेट, मधुमेह, लठ्ठपणा यांनीही एमडीए वाढतं, त्यात नैराश्याचा वाटा किती हे वेगळं काढता येत नाही.

उत्तर २:
वरचं पटतं, पण म्हणून नैराश्याचा ऑक्सिडेशनशी संबंध असल्याची कल्पनाच टाकाऊ ठरत नाही. मेंदू शरीराच्या वजनाच्या साधारण २ टक्के, पण ऑक्सिजन खातो २० टक्के, म्हणून ऑक्सिडेशनची झळ त्याला लवकर बसते. मला सगळ्यात लक्षवेधी वाटतं ते टेट्राहायड्रोबायोप्टेरिन. ट्रिप्टोफॅन या अमिनो आम्लापासून सेरोटोनिन (मेंदूतलं संदेशवाहक रसायन) बनवायला ते लागतंच, आणि ऑक्सिडेशनने ते सहज निकामी होतं. एसएसआरआय आहे ते सेरोटोनिन टिकवतं, नवीन बनवत नाही.

उत्तर ३:
आता डोस. चाचण्यांत बहुधा १ ग्रॅम दिवसातून दोनदा, चालू औषधाला जोड म्हणून दिलं आहे. २०१४ च्या २५२ जणांच्या चाचणीत १२ आठवड्यांना मुख्य मापावर ठोस फरक दिसला नाही, १६ व्या आठवड्याला थोडा दिसला. त्यामुळे दोन आठवड्यांत गुण नाही म्हणून सोडणं चूक, आणि एनएसीच्या भरवशावर एसएसआरआय बंद करणं त्याहून मोठी चूक. आत्महत्येचे विचार असतील तर यात वेळ घालवायचाच नाही, लगेच मानसोपचारतज्ज्ञाकडे.

मळमळ, जुलाब होतात. जेवणानंतर घेतलं की कमी होतात. कुजक्या अंड्यासारखा वास गंधकाचा, औषध खराब झालं असं नाही. नायट्रोग्लिसरीन (हृदयविकाराच्या छातीदुखीवरचं औषध) चालू असेल तर रक्तदाब घसरतो, डोकं जबर दुखतं, तिथे देऊ नका. दमा असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. विरघळणाऱ्या गोळ्यांत सोडियम असतं, रक्तदाबाच्या रुग्णाला साध्या कॅप्सूल बऱ्या.

प्रश्नकर्ता:
सोबत व्हिटॅमिन ई चालेल?

उत्तर ३:
मोठ्या डोसात नको. एसएसआरआयने प्लेटलेटमधलं (रक्त गोठवणाऱ्या पेशींमधलं) सेरोटोनिन आधीच कमी झालेलं असतं, त्यात व्हिटॅमिन ई पडलं की रक्तस्रावाचा धोका वाढतो. अ‍ॅस्पिरिन चालू असेल तर विषयच नको.