लडाखच्या तळ्यात पाईनचे परागकण म्हणजे तिथं जंगल होतं का?

मेहकरची_पोर:
राजेहो, एका ठिकाणी अडली म्हणून विचारते. बॉटनीत एमएस्सी करते, प्रोजेक्टसाठी त्सो मोरिरी तळ्यावर वाचन चालू आहे. साडेचार हजार मीटरवरचं तळं, भोवती जंगल नाही, तरी गाळात पाईनचे कण निघतात. मग तिथं आधी जंगल होतं धरायचं काय? नि झाडंच नसतील तर पाऊसपाणी कमीजास्त झालं हे कळते कशावरून?

अकोल्याचे_सर:
नाही बेटा, जंगल बिलकुल धरू नको. पाईनच्या कणाला हवेच्या दोन पिशव्या असतात, वारा त्याला खालच्या खोऱ्यातून वर नेते, आपल्याकडं वावधनात धुऱ्यावरचा पालापाचोळा पार दुसऱ्याच्या वावरात जाते ना, तसंच. वर तिथल्या झुडपांचे कण मुळातच थोडे, म्हणून बाहेरच्याचा टक्का फुगून दिसते. तू आर्टेमिसिया पाहा (आपला दवणा त्याच जातीतला) आणि चाकवताचे भाऊबंद पाहा. पहिल्याला ओल जरा जास्त लागते, दुसरे खारट कोरड्या जमिनीत तगतात, म्हणून पहिल्याचं प्रमाण वाढलं की ओल वाढली. पण दोन्ही मिळून निम्म्याच्या आसपास कण असले तरच हे धर, आणि तळं आटून काठाची चोपण जमीन उघडी पडली तरी चाकवतवाले वाढतात, तिथं फसशील. आजच्या मातीचे वरचे नमुने आधी मोज, त्याशिवाय जुन्याचा अर्थ लावूच नको.

गाळ_आणि_मेण:
सरांचं बरोबर, त्याला पानांवरच्या मेणाची जोड दे. जमिनीवरच्या झाडांच्या मेणात 27, 29, 31 कार्बनच्या साखळ्या जास्त, पाण्यात बुडालेल्या वनस्पतींत 23, 25. त्यातल्या हायड्रोजनच्या आयसोटोपवरून (म्हणजे हलक्या-जड अणूंच्या प्रमाणावरून) पाणी कसलं होतं ते कळते, पण लडाखात मान्सून, पश्चिमी वारे आणि बर्फाचं पाणी तिन्ही येते, तेव्हा थेट पावसाचं माप म्हणून वाचू नको. तापमानासाठी बॅक्टेरियाच्या पेशीच्या आवरणातली चरबी तपासतात. आणि वयाचं सांभाळ, चुनखडीतला जुना कार्बन पाण्यात उतरला की गाळाचं वय आहे त्यापेक्षा जास्त येते, शक्यतो जमिनीवरच्या झाडाचा तुकडा शोधूनच कार्बन डेटिंग कर.

बुलडाण्याचा_भाऊ:
ताई, घराजवळचं लोणार सोडू नको. तिथल्या सुमारे 10 मीटर गाळातून 11000 वर्षांच्या मान्सूनचा हिशेब लागला, 4600 ते 3900 वर्षांपूर्वीच्या थरात गेलुसाईट नावाच्या खनिजाचे खडे आहेत, ते खारं पाणी आटत गेलं तेव्हाच बनतात.

मेहकरची_पोर:
सर, वरच्या मातीचे नमुने तळ्यापासून किती लांबपर्यंतचे घ्यायचे, नि काठावरची चोपण वेगळी मोजायची काय?