१९५० च्या आधीचा चुंगकिंग

चीनमधली आपली वकिलात (राजदूताचं कार्यालय) १९५० पासूनची, असं म्हटलं जातं. ते पेकिंगपुरतं (आजचं बीजिंग) खरं. त्याआधी, १९४२ मध्येच जफरुल्ला खान भारताचे एजंट जनरल (राजदूतासारखे प्रतिनिधी) म्हणून चुंगकिंगला, म्हणजे चीनच्या तेव्हाच्या युद्धकालीन राजधानीत, गेले होते, मग के. पी. एस. मेनन, पुढे राजधानी नानकिंगला गेल्यावर तिथे के. एम. पणिक्कर.

पण आम्हा सोलापूरकरांना त्याही आधीचं सांगावंसं वाटतं. १९३८ मध्ये पाच भारतीय डॉक्टर चीनला गेले, त्यांत आपले द्वारकानाथ कोटणीस होते. ९ डिसेंबर १९४२ ला ते तिथेच वारले, वय अवघं बत्तीस. कागदोपत्री ते कुणाचे राजदूत नव्हते, तरी माझ्या लेखी पहिले प्रतिनिधी तेच.

बासष्टच्या युद्धानंतरही राजदूताची जागा रिकामीच राहिली, ती १९७६ मध्ये के. आर. नारायणन गेले तेव्हा भरली. भैय्या चौकातलं कोटणीस स्मारक जरूर बघा.