देवमाशाने कुठल्या ऋतूत काय खाल्लं हे झालरीच्या पट्टीवरून कसं कळतं?

तासगावची_बाई
नमस्कार मंडळी, मी ज्युनिअर कॉलेजला केमिस्ट्री शिकवते. २०२३ च्या नोव्हेंबरात गणपतीपुळ्याला देवमाशाचं पिल्लू किनाऱ्यावर अडकलं होतं ना, तेव्हापासून आमच्या एका विद्यार्थिनीच्या डोक्यात देवमासेच बसलेत. काल म्हणाली, मॅडम तो हजारो किलोमीटर फिरतो, पाण्याखाली खातो, मग उन्हाळ्यात काय खाल्लं आणि हिवाळ्यात काय हे कुणी बघितलं? मी वाचलंय की तोंडातल्या झालरीतला (वरच्या जबड्यातून लोंबणाऱ्या, पाण्यातून अन्न गाळणाऱ्या पट्ट्यांमधला) कार्बन आणि नायट्रोजन तपासतात, पण कार्बन तर सगळ्यातच असतो, त्यातून ऋतू कसा निघतो? "उद्या सांगते" म्हणून आलेय, कुणीतरी उलगडून सांगा.

वाईकर_लॅबवाला
ताई, पोरीने मुद्द्याचं विचारलंय. झालर म्हणजे केराटिन, आपल्या नखाकेसांचंच मटेरियल. हिरडीकडून वाढत राहते, टोकाला झिजते, आणि एकदा तयार झालेला भाग परत बदलत नाही, म्हणजे हिरडीजवळ आत्ताचं आणि टोकाला जुनं. फिन व्हेल या जातीच्या देवमाशाची वर्षाला साधारण २० सेंटीमीटर वाढते, मग दर एक-दोन सेंटीमीटरवर बारीक ड्रिलने भुकटी काढली की महिन्यांची ओळच लागते. भुकटी मिलिग्रॅमभर पुरते. टिनच्या इवल्याशा कॅप्सूलमध्ये घालून चिमट्याने घडी मारायची, जोरात श्वास सोडला तरी उडून जाते, मी दुसऱ्या सॅम्पलच्या कामात हे महिनोन्‌महिने केलंय. ती जाळून निघालेला गॅस मास स्पेक्ट्रोमीटरला, म्हणजे हलके-जड कण वेगळे करून मोजणाऱ्या यंत्राला जातो. मोजायचं काय तर नुसता कार्बन नाही, जड कार्बन १३ चं कार्बन १२ शी प्रमाण, तसंच नायट्रोजन १५ चं १४ शी. नायट्रोजनचा आकडा अन्नसाखळीतल्या दर पायरीला हजारी साधारण ३ ने चढतो, म्हणून एकाच पाण्यात क्रिल (कोळंबीसारखे बारके जीव) खाणाऱ्यापेक्षा मासे खाणारा वर दिसतो. कार्बन सांगतो कुठल्या पाण्यातलं अन्न. बोहेड देवमासे हिवाळा बेरिंग समुद्रात आणि उन्हाळा ब्यूफोर्ट समुद्राकडे काढतात, दोन्हीकडच्या अन्नातला जड कार्बन वेगळा, त्यामुळे पट्टीवर आकडे लाटेसारखे वरखाली जातात. एक लाट म्हणजे एक वर्ष.

वाळव्याचा_गोठा
आमच्याकडं हेच म्हशीत दिसंल की. ऊस, ज्वारी, मका यांच्यात जड कार्बन जास्त असतो आणि सोयाबीन, भुईमूग, द्राक्षात कमी, हे कृषी पदवीला शिकलोय. साखर कारखाना सुरू झाला की म्हशीला वाडं (उसाचे हिरवे शेंडे), नंतर कडबा, आणि सोयाबीन काढल्यावर भुसा, मग शेपटीचा लांब केस घेऊन सेंटीमीटर सेंटीमीटर तपासला तर वाडं कधी सुरू झालं ते केसात उमटलं पाहिजे. मधात साखरेचा पाक मिसळलेला पण ह्याच कार्बनवरनं पकडतात, महाबळेश्वरच्या मधवाल्यांना विचारा.

साताऱ्याची_रेवा
दादा एकदम बरोबर, पण बाईंनी पोरीला एक सांगायलाच हवं की आकडा म्हणजे थेट मेनू नाही. अंटार्क्टिककडचे हंपबॅक देवमासे उन्हाळ्यात क्रिल खाऊन चरबी साठवतात आणि हिवाळ्यात उष्ण पाण्यात पिलांसाठी जातात तेव्हा जवळजवळ उपाशीच असतात, अशा वेळी शरीर स्वतःचेच प्रोटीन वापरायला लागलं तर नायट्रोजन १५ वर चढू शकतो, आणि आपण म्हणणार मासे खाल्ले! शिवाय त्या त्या पाण्यातल्या प्लवकांचाच (तरंगत्या सूक्ष्म जीवांचाच) मूळ आकडा वेगळा असतो, तो आधी मोजल्याशिवाय तुलना करणं मला चुकीचंच वाटतं. आणि आपल्या अरबी समुद्रातले हंपबॅक तर बाहेर जातच नाहीत, वर्षभर इथेच. १९६६ च्या नोव्हेंबरात सोव्हिएत जहाजांनी इथे बेकायदेशीर २३८ मारले, त्यांची पोटं फाडून बघितली तेव्हा कळलं की ते इथेच खातात. वाईट वाटतं हो, ते कळायला जीव गेलेला लागला, आणि पोटात तर फक्त शेवटचं जेवण दिसतं. आता क्रॉसबोच्या (बंदुकीसारख्या धरायच्या धनुष्याच्या) बाणाने कातडीचा चिमूटभर तुकडा घेतात, देवमासा पुढे पोहत जातो. कातडी मात्र काही महिन्यांचंच सांगते, अनेक वर्षांचं हवं तर झालर पाहिजे आणि ती मेलेल्याचीच मिळते.

तासगावची_बाई
खूप खूप आभार तिघांचेही. उद्या वाडं आणि सोयाबीनपासूनच सुरुवात करते, पोरांना ते रोजचं आहे. वाळव्याच्या दादा, म्हशीचे दोन-चार केस मिळतील का?

वाळव्याचा_गोठा
कधीपण या बाई. पण उपटायचे का कापायचे?

वाईकर_लॅबवाला
कातडीला टेकवून कापा आणि बुडाच्या बाजूला लगेच दोरा बांधा, दोन्ही टोकं सारखीच दिसतात, उलटसुलट झालं तर सगळा हिशेब उलटा. आणि दादा, चारा कुठल्या तारखेला बदलला ते वहीत लिहून ठेवा.