गच्चीवरचे पत्रे आणि आजचं आभाळ

*देशमुख काकू (ए-४०१):* पुन्हा तेच. पूर्वेकडून आभाळ काळंकुट्ट भरून आलंय आणि आमच्या डोक्यावर पत्रा आपटायला लागलाय. वारा अजून धड सुटलेला नाही. सेक्रेटरी साहेब, आज तरी या पत्र्याचं काय ते सांगा.

*ठाकूर (बी-००२):* आमच्याकडे काहीच आवाज नाही.

*देशमुख काकू (ए-४०१):* तळमजल्यावर कसा येईल?

*पाटील (बी-२०३):* वळीव आला रे आला! कांदाभजी कुठल्या मजल्यावर? 😋

*म्हात्रे वहिनी (ए-१०३):* भजी नंतर. गच्चीवर माझे बोंबील वाळत घातलेत, कुणी वर असेल तर ताट आत घ्या ना प्लीज.

*देशमुख काकू (ए-४०१):* बोंबील गच्चीवर नकोत असं मागच्या मिटिंगमध्ये ठरलं होतं.

*म्हात्रे वहिनी (ए-१०३):* तुमच्या कुरडया चालतात वाटतं, काकू.

*नाईक आजोबा (बी-१०१):* गेटजवळच्या माडाच्या सुक्या झावळ्या अजून काढलेल्या नाहीत. खाली गाड्या आहेत.

*सेक्रेटरी (ए-२०२):* नमस्कार मंडळी 🙏 फॅब्रिकेटरचं कोटेशन एप्रिलमध्येच आणलं होतं. मिटिंगमध्ये ते का अडलं, हे सगळ्यांना ठाऊक आहे. उगाच मला एकट्याला धरू नका.

*ठाकूर (बी-००२):* रोख माझ्याकडे दिसतोय. शेड घातली ती चौथ्या मजल्याची गळती थांबावी म्हणून. खर्च चौथ्या मजल्याने करावा, एवढंच मी म्हणालो. यात चुकीचं काय?

*देशमुख काकू (ए-४०१):* निसर्ग चक्रीवादळाच्या वेळी पत्रा उडून कुठे पडला होता, ठाकूर? तुमच्याच बेडरूमच्या खिडकीखाली. गच्ची सगळ्यांची असते आणि उडालेला पत्रा मजला बघून पडत नाही.

*पाटील (बी-२०३):* 📢 *फॉरवर्डेड* अरबी समुद्रात महाभयंकर चक्रीवादळ!! पुढचे ७२ तास घराबाहेर पडू नका!! सगळ्या ग्रुपवर पाठवा!!

*साळवी सर (बी-३०१):* पाटील, हा मेसेज दरवर्षी मे महिन्यात फिरतो. कृपा करून काढा. हवामान खात्याने पुढच्या तीन तासांसाठी इशारा दिलाय तो असा: रायगड जिल्ह्यात काही ठिकाणी मेघगर्जना आणि ताशी ५० ते ६० किलोमीटर वेगाचे वारे. चक्रीवादळाचा त्यात उल्लेखही नाही.

*ठाकूर (बी-००२):* खात्याचं कधी खरं झालंय का सर? परवाही हेच म्हणाले होते, थेंब पडला नाही.

*साळवी सर (बी-३०१):* आपला जिल्हा उरणपासून पोलादपूरपर्यंत पसरलाय. परवा महाडकडे झोडपून काढलं, माझी बहीण तिथेच असते. आपल्या अंगणात पडला नाही म्हणजे अंदाज खोटा ठरला, असं नसतं.
आणि एक ऐका. हे ढग दुपारनंतर सह्याद्रीवर वाढतात आणि तिथून आपल्याकडे सरकतात. पाऊस पोचायच्या आधी गार वाऱ्याचा जो झोत येतो ना, तो ढगातून खाली आदळून पसरलेल्या थंड हवेचा. पत्रे उचलतो तो हा झोत. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा जोर चौपट होतो. काकूंना आत्ता खडखड ऐकू येतेय, याचा अर्थ कडेचे स्क्रू ढिले आहेत.

*नाईक आजोबा (बी-१०१):* झावळ्यांचं बघा.

*म्हात्रे वहिनी (ए-१०३):* आजोबा, नारळ उतरवायच्या दिवशी निम्मी बिल्डिंग पिशव्या घेऊन हजर असते. झावळ्यांना कुणी नाही.

*पाटील (बी-२०३):* मागच्या वेळी मला दोनच नारळ मिळाले होते, हे या निमित्ताने नोंदवतो 🥥

*सेक्रेटरी (ए-२०२):* कृपया विषयावर राहू या.

*देशमुख काकू (ए-४०१):* विषय एवढाच की ३ जून २०२०ला आपण सगळे दारं लावून बसलो होतो आणि वरून पत्रे एकेक करून सुटत होते. नंतर लॉकडाऊनमुळे माणसं मिळेनात, म्हणून जुन्याच गंजक्या अँगलवर नवे पत्रे ठोकले. हुक बदलू म्हणाले होते. ते राहिलंच. दुसऱ्या वर्षी तौक्ते समुद्रातून वर गुजरातकडे गेलं म्हणून वाचलो.

*म्हात्रे वहिनी (ए-१०३):* काकू, बोंबलांचं सोडा, पण यात मी तुमच्या बाजूने आहे. माझं माहेर श्रीवर्धन. निसर्गचं केंद्र आपल्या दक्षिणेकडून आत शिरलं आणि त्याच्या वाटेच्या उजव्या बाजूला सापडलेल्या आमच्या गावाने जास्त भोगलं. बाबांच्या वाडीतल्या पोफळी कमरेत मोडून आडव्या पडल्या होत्या. नवं रोप लावलं तर सुपारी धरायला वर्षं जातात. कौलं, पत्रे तर घराघरांवरचे गेले होते.

*ठाकूर (बी-००२):* वहिनी, तुमच्याकडचं ऐकून वाईटच वाटलं होतं तेव्हाही. पण मुद्दा खर्चाचा आहे.

*साळवी सर (बी-३०१):* ठाकूर, शेडखाली पाण्याच्या टाक्या आहेत. त्या दोन्ही विंगच्या. तुमच्या नळालाही तेच पाणी येतं.

*नाईक आजोबा (बी-१०१):* गेटजवळचा माड. सुक्या झावळ्या. लाल गाडी बरोबर खाली उभी आहे.

*पाटील (बी-२०३):* लाल गाडी माझी 😳 निघालोच.

*सेक्रेटरी (ए-२०२):* मी वर जाऊन पत्र्यांवर विटा ठेवून येऊ का?

*साळवी सर (बी-३०१):* मुळीच नाही! वीज चमकल्यावर तिसऱ्या सेकंदाला गडगडतंय, म्हणजे ती किलोमीटरभरावर आहे. आत्ता गच्चीवर कुणीही जायचं नाही. सुट्या विटा तर त्याहून वाईट, पत्रा उचलला की त्याच खाली येतील. फोनमध्ये दामिनी ॲप घ्या, पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेने केलंय, जवळपास वीज पडतेय का ते दाखवतं.

*म्हात्रे वहिनी (ए-१०३):* मग बोंबील गेले. जाऊ देत.

*देशमुख काकू (ए-४०१):* गेले नाहीत. आभाळ बघितलं तेव्हाच ह्यांनी ताट आत घेतलं होतं. जिन्यात ठेवलंय, वास येतोय, घेऊन जा.

*म्हात्रे वहिनी (ए-१०३):* 🙏🙏 काका-काकूंना सुकटीची चटणी माझ्याकडून.

*ठाकूर (बी-००२):* लाईट गेली.

*पाटील (बी-२०३):* सगळीकडचीच गेलीय. लिफ्टमध्ये कुणी नाही ना?

*सेक्रेटरी (ए-२०२):* नाही, वॉचमनने बघितलं. फॅब्रिकेटरशी आत्ताच बोललो, उद्या सकाळी नऊला येतो म्हणालाय. अँगल आणि हुक दोन्ही बदलायचे, माडाच्या झावळ्याही उद्याच काढून घेतो. खर्च दोन्ही विंगमध्ये सारखा वाटायचा. हरकत असेल तर आत्ताच लिहा.

*साळवी सर (बी-३०१):* 👍

*देशमुख काकू (ए-४०१):* 👍 उशिरा का होईना.

*ठाकूर (बी-००२):* ठीक आहे. पण पक्की पावती हवी, आणि काम चालू असताना मी स्वतः वर उभा राहणार.

*सेक्रेटरी (ए-२०२):* अवश्य या. लाईट येईपर्यंत पंप बंद राहील, टाकीतलं पाणी जपून वापरा.