‘कोबाल्ट ब्लू’: धूसर पाहुणा आणि अनुजाची डायरी
सचिन कुंडलकरांच्या ‘कोबाल्ट ब्लू’ या कादंबरीत तनय आणि त्याची बहीण अनुजा घरी राहायला आलेल्या एकाच पेइंग गेस्टच्या प्रेमात पडतात. हा पेइंग गेस्ट शेवटपर्यंत धूसर राहतो, हा कादंबरीचा दोष असल्याचे एक मत आहे, मला मात्र तीच तिची ताकद वाटते. कुंडलकरांनी त्याला नावसुद्धा दिलेले नाही, आणि तनय त्याला ‘तू’ म्हणत आठवणी मागेपुढे उलगडत राहतो, तेव्हा घरात कुणापाशी मोकळेपणाने रडण्याचीही सोय नसलेल्या मुलाचे एकटेपण अंगावर येते. माझी तक्रार वेगळी आहे. अनुजा त्या पाहुण्यासोबत निघून जाते आणि एकटी परतते. तिचे दुःख लहान नाही, पण तिच्या डायरीत तनयच्या निवेदनातली धग उतरत नाही. तरीही एकाच माणसात गुंतलेली ही सख्खी भावंडे त्याबद्दल एकमेकांशी बोलू शकत नाहीत, ही जागा मला आजही अस्वस्थ करते.